हातानं फोकस करायची लेन्स आणि चौखूर धावणारी कारवानी

माळावरचा (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

आमचं गाव सांगोल्याच्या पुढं, माणदेशात. शेजारच्या आबांकडं दोन कुत्री आहेत. हरणी ही गुळगुळीत अंगाची कारवानी, आणि चंद्र्या हा पश्मी, म्हणजे कानांवर आणि शेपटीवर लांब केस असलेला. आमच्याकडं दोघांनाही कारवानीच म्हणतात, सीमेपलीकडं याच कुत्र्यांना मुधोळ म्हणतात. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सांभाळली, २००५ मध्ये मुधोळचं पोस्टाचं तिकीटही निघालं. पण फोटो शोधायला जावं तर बहुतेक ठिकाणी साखळीला धरून उभं केलेलं कुत्रं दिसतं. हे कुत्रं उभं बघायचं नव्हेच. ज्वारी काढून झालेल्या रानात, सकाळच्या उन्हात, हरणी अंगावर धावून येते तेव्हा छातीत धडधडतं. तो क्षण मला धरायचा होता.

माझ्याकडं सोनीचा ए७, दुसऱ्या पिढीचा. लेन्स सुपर टाकुमार १३५ मिमी एफ/३.५, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळालेली. एम४२ची चुडी, म्हणजे कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारी जुनी लेन्स, म्हणून मधे साधा ॲडॅप्टर. सगळं हातानं.

पहिले दोन महिने मी कुत्र्यामागं रिंग फिरवत राहिलो. शेकडो फोटो काढले. शेपटी स्पष्ट, डोळा धूसर. नाहीतर मागची बाभळ स्पष्ट आणि कुत्रं म्हणजे एक तांबूस फराटा. शेवटी आबा म्हणाले, "आरं, तिच्या मागं कशाला लागतूस? ती कुठनं येणार ते ठरलेलं हाय. तू तिथं आधी जाऊन बस की."

त्या दिवसापासून रिंग फिरवणं बंद केलं. आता रानात दोन ढेकळं ठेवतो. एक फोकसचं, एक बोटाचं. फोकसचं ढेकूळ माझ्यापासून आठ मीटरवर. लेन्स त्यावर लावायची आणि रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. बोटाचं ढेकूळ अकरा मीटरवर. हरणीचे पुढचे पाय त्याच्याजवळ आले की बटण दाबायचं, आठवर येण्याची वाट बघायची नाही. मधले तीन मीटर माझं बोट आणि कॅमेरा मिळून खातात.

कुणी असं काही करतं का? तुमच्या युक्त्या ऐकायला आवडतील.

---

शांतपाऊस · रविवार, रात्री ९.४८

धागा आवडला. एक प्रश्न मनापासून विचारते. आता कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः शोधतात. सोनीनेच २०१९ मध्ये ए७च्या तिसऱ्या पिढीला फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमधून, ती सोय दिली. माझा नवरा तसाच कॅमेरा वापरतो आणि आमच्या बीगलचे दहातले आठ फोटो स्पष्ट येतात. मग हा खटाटोप का?

---

माळावरचा · रविवार, रात्री १०.०५

ताई, प्रश्न रास्त आहे. पहिलं कारण पैशाचं. ही लेन्स साडेतीन हजारांत आली. याच लांबीची चांगली ऑटोफोकस लेन्स घ्यायची तर माझा दोन-तीन महिन्यांचा पगार जाईल. दुसरं कारण नंतर उमगलं. लेन्स काही करत नाही म्हणून मला कुत्र्याकडं बघावं लागलं. हरणी वळताना आधी डावा कान पाडते. चंद्र्या उडी घेण्याआधी अर्धी ढांग आखडतो. ऑटोफोकस असता तर मी स्क्रीनवरच्या चौकटीकडं बघत बसलो असतो. तुमच्या घरी तो कॅमेरा असेल तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

---

काचघर · रविवार, रात्री ११.३०

आबांनी एका वाक्यात सांगितलं त्यामागचं गणित मांडतो. धागाकर्त्याची दोन ढेकळं इतकी बरोबर का बसतात ते त्यातून कळेल.

लेन्स जवळच्या वस्तूवर आणायची तर काच पुढे सरकवावी लागते. १३५ मिमीची साधी लेन्स अनंतापासून, म्हणजे अगदी दूरच्या फोकसपासून, २० मीटरवर आणताना सुमारे ०.९ मिमी पुढे येते. १० मीटरसाठी १.८५ मिमी, ५ मीटरसाठी ३.७५ मिमी. म्हणजे कुत्रं २० वरून १० वर येताना रिंग जितकी फिरवायची, त्याच्या दुप्पट ती १० वरून ५ वर येताना फिरवावी लागते. आणि या दुसऱ्या टप्प्याला वेळ मिळतो निम्मा. रिंगचा वेग चौपट! शिवाय तो वेग एकसारखा नाही, क्षणोक्षणी वाढता. सरावाने थोडंफार जमतं, पण समोरून अंगावर येणाऱ्या कुत्र्यासाठी हाताला हे जमवायला सांगणं हा हातावर अन्याय आहे.

आता वेग. ताशी ४० किमी धरू, या कुत्र्यांना ते जड नाही. सेकंदाला ११ मीटर झाले. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात कुत्रं पावणेतीन मीटर पुढे आलेलं असतं. म्हणून आठ आणि अकरा.

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या मागेपुढे जेवढा पट्टा स्पष्ट येतो तो: फुल फ्रेमवर (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १३५ मिमी, आठ मीटर. एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान. एफ/४ ला सुमारे ८५ सेंटिमीटर, एफ/५.६ ला सव्वा मीटरच्या जरा आत, एफ/८ ला १.७ मीटर. एफ/४ च्या पट्ट्यातून कुत्रं ०.०८ सेकंदात पार होतं. बर्स्टवर, म्हणजे बटण धरून सलग फोटो काढण्यावर, विसंबून राहणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तुमच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला ५ फ्रेम असेल तर दोन फ्रेमच्या मध्ये कुत्रं २.२ मीटर जातं. तुमचा स्पष्ट पट्टा दोन फ्रेमच्या मधोमध सुटून जाण्याचीच शक्यता जास्त. १० फ्रेमचा कॅमेरा असला तरी १.१ मीटरचं अंतर पडतं. म्हणून एफ/५.६ च्या वर अपर्चर उघडू नका आणि बर्स्टपेक्षा एका नेमक्या क्लिकवर भरवसा ठेवा.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला छायाचित्रकार मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो घेतले ते असेच. बारा कॅमेरे ओळीने जागेवर, आणि घोडा जाता जाता शटरचे धागे तोडत गेला. कॅमेरा घोड्यामागे गेला नाही, घोडा कॅमेऱ्यासमोर आला.

---

शांतपाऊस · रविवार, रात्री ११.५२

काचघर, आज पहिल्यांदा मला डेप्थ ऑफ फील्ड हा आकडा म्हणून नाही, जागा म्हणून दिसला. धन्यवाद.

---

मीठवारा · सोमवार, सकाळी ७.१५

गोव्यातून लिहितोय. माझे मॉडेल म्हणजे मिरामारच्या किनाऱ्यावरची भटकी कुत्री. ती कुणाच्या हाकेला येत नाहीत आणि कुठून धावतील याचा नेम नाही, त्यामुळे ढेकळं ठेवण्याचा प्रश्नच नाही. मी ५० मिमीची जुनी निक्कोर वापरतो. एफ/८, फोकस पाच मीटरवर. साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं ठीकठाक येतं. मग फक्त अंतराचा अंदाज ठेवायचा: कुत्रं माझ्यापासून तीन माणसं आडवी झोपतील एवढं लांब आहे ना? झालं.

एक गोष्ट मात्र करून बघाच. पोटावर झोपा. कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर आणा आणि पीकिंग लावा, म्हणजे फोकसमध्ये आलेल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय. जमिनीवर एक रंगीत पट्टी उमटते, फोकस जिथे आहे नेमकी तिथे. उभं राहून ती दिसत नाही, झोपल्यावर रस्त्यावर आखल्यासारखी दिसते. ओल्या वाळूवर तर फारच छान. कुत्रं त्या पट्टीकडे धावत येताना तुम्हाला आधीपासून दिसतं. फक्त त्याचे पंजे पट्टीवर पडायची वाट बघू नका, कारण अंग आखडलेलं असताना तोंड पंजांच्या बरंच पुढे असतं आणि आपल्याला डोळा हवा असतो.

आणि वाळू लेन्सच्या आट्यांत गेली तर रिंग कायमची करकरते. मी रिंगवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला आहे.

---

माळावरचा · सोमवार, सकाळी ८.०२

मीठवारा, झोपायची युक्ती आजच करतो. आमच्याकडं वाळूऐवजी फुफाटा आणि सराटे आहेत, गोणपाट अंथरावं लागेल.

काचघर यांनी आठ मीटर म्हटलंय त्यावरून एक सांगायचं राहिलं. लेन्सवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. स्वस्त ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे अनंत हमखास मिळावा. त्यामुळं रिंग अनंताच्या पुढं जाते आणि मधले सगळे आकडे सरकतात. माझं दुखणं तर त्याहून वाढलं. ग्रीस घट्ट झालं होतं म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडं लेन्स दिली. रिंग लोण्यासारखी फिरू लागली, पण आट्या जुळवताना त्यानं अनंताचा थांबा चुकवला. लेन्सवर १० मीटर लिहिलेलं असतं तेव्हा फोकस सात मीटरच्या आसपास असतो. हे मला तीन शनिवार वाया गेल्यावर कळलं. आबा रोज कुत्री घेऊन पहाटे रानात यायचे, आणि मी घरी येऊन एकही फोटो दाखवू शकायचो नाही. फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस मोजपट्टी घेतली. अंगणात ५, ८ आणि १२ मीटरवर विटा उभ्या केल्या, प्रत्येक विटेवर वर्तमानपत्राचा कागद. कॅमेरा तिपाईवर, अपर्चर पूर्ण उघडं, चित्र मोठं करून अक्षरं वाचता येईपर्यंत फोकस. आणि रिंगवर बायकोच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके: लाल, गुलाबी, जांभळा. आता मी आकडे बघतच नाही. लाल म्हणजे आठ.

शिवाय रिंगला एक केबल टाय आवळलाय, शेपूट अर्धा इंच सोडून. शेपूट खाली असलं की लाल ठिपका लागलेला असतो. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना बोटानं चाचपून कळतं.

---

निळीचिमणी · सोमवार, दुपारी १.२०

मी अगदी नवीन आहे, चुकलं तर सांगा. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि वडिलांची जुनी ५० मिमी एफ/१.८ एआय-एस लेन्स. बाबा आता नाहीत. त्यांनी या लेन्सने आमच्या लहानपणीचे सगळे फोटो काढले होते, म्हणून मला हीच वापरायची आहे. कॅमेऱ्यावर बसते, पण एक्स्पोजर दाखवत नाही. आमच्या लॅब्रॅडॉरचे, ढंप्याचे, सोसायटीच्या मैदानात धावतानाचे फोटो काढायचे आहेत. जमेल का?

---

काचघर · सोमवार, दुपारी २.०५

जमेल. डी५६०० मध्ये जुन्या लेन्सचं अपर्चर वाचणारी कडी नाही, म्हणून मीटर चालत नाही. डी७०००, डी७१०० आणि डी७२०० मध्ये आहे. तुम्ही डायल एम वर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडवर, ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ/५.६, शटर १/८०० सेकंदापासून सुरुवात करा, एक फोटो काढून बघा आणि कमी-जास्त करा. ऊन बदलत नाही तोवर ते बदलायची गरज नाही. उलट कुत्रं पांढऱ्या भिंतीसमोरून गेलं काय नि काळ्या गाडीसमोरून गेलं काय, एक्स्पोजर तेच राहील, हा फायदाच.

फोकसचं: व्ह्यूफाइंडरची काच उजेडासाठी बनवलेली आहे, एफ/१.८ चा नेमका फोकस तिच्यात डोळ्याला कळत नाही. खाली कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र या लेन्सबरोबरही चालतो. पाच मीटरवर चप्पल ठेवा, हिरवा ठिपका लागेपर्यंत रिंग फिरवा आणि सोडून द्या. एफ/५.६ ला तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण ४.१ ते ६.४ मीटर स्पष्ट येईल. लॅब्रॅडॉर ताशी २५ किमीने आला तर पाव सेकंदात पावणेदोन मीटर. बोटाची खूण पावणेसात मीटरवर.

---

थंडगल्ली · सोमवार, संध्याकाळी ६.४०

एडिंबरोहून. इथे आमच्या शेजारणीचा बॉर्डर कोली ॲजिलिटीचा, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा, सराव करतो. ज्याला मॅन्युअल लेन्सने सुरुवात करायची असेल त्याने अशा सरावाला जावं. आडव्या दांडीवरून उडी मारायची म्हणजे जागा ठरलेली, उंची ठरलेली, आणि दांडीवर फोकस करायला भरपूर वेळ. मी दांडीच्या एक हात अलीकडे फोकस ठेवते, कारण कुत्रं सर्वांत सुंदर दिसतं ते दांडी ओलांडून खाली येताना. हिवाळ्यात उजेड नसतो, तेव्हा आयएसओ ३२०० करते आणि फोटोत ग्रेन, म्हणजे दाणे, येऊ देते.

---

रानजाई · सोमवार, रात्री ८.१५

फोटोंच्या उत्साहात एक विनंती. या जातीची कुत्री फोटोसाठी सशामागे सोडू नका. मी दोन गावांत हे पाहिलं आहे. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याची शिकार गुन्हा आहे, आणि कॅमेरा गळ्यात आहे म्हणून ती शिकार नाही असं होत नाही. चिंधी दोरीला बांधून ओढली तरी ही कुत्री तितक्याच जोरात धावतात.

दुसरं, पुन्हा पुन्हा धावायला लावू नका. शिकारी कुत्रं थकलं तरी सांगत नाही, मालकासाठी धावतच राहतं.

---

माळावरचा · सोमवार, रात्री ८.५०

रानजाई, शंभर टक्के. आबांचा नेम ठरलेला आहे: ऊन वर यायच्या आत, आणि तीनच धावा. चौथी नाही. मी एकदा "अजून एक" म्हणालो तर त्यांनी काही न बोलता हरणीला पाजलं, तिचे पंजे उलटे करून काटे बघितले आणि तिला घेऊन घरी गेले. तेव्हापासून मी विचारत नाही. धावतात त्या आबांच्या धाकट्याच्या शिट्टीवर. तो माझ्या पाठीमागं उभा राहतो, आबा दुसऱ्या टोकाला कुत्री धरतात. सशाचा संबंध नाही.

तीनच धावा म्हणजे माझ्याकडं सकाळी तीनच क्लिक. त्यामुळं ढेकळं ठेवताना मोजपट्टी दोनदा धरतो.

---

जुनाघाट · मंगळवार, सकाळी ६.५५

पेंटॅक्स वापरणाऱ्यांसाठी. पेंटॅक्सच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये 'कॅच-इन-फोकस' नावाची सोय आहे. जुनी मॅन्युअल लेन्स लावा, बटण दाबून धरा. मधल्या बिंदूत काही फोकसमध्ये येईपर्यंत शटर उडत नाही, आलं की आपोआप उडतं. चालत्या कुत्र्यासाठी उत्तम. चौखूर धावणाऱ्यासाठी माझ्या अनुभवात ते किंचित उशिरा उडतं, म्हणून तिथे मी त्यावर विसंबत नाही.

आणि एक सल्ला: एकाच कंपनीच्या लेन्स ठेवा. एका कंपनीची रिंग ज्या बाजूला फिरवून फोकस जवळ येतो, दुसरीची त्याच्या उलट असू शकते. दोन्ही वापरल्या की ऐन वेळी हात चुकतो.

---

काचघर · मंगळवार, सकाळी १०.१०

समोरून येणाऱ्यावर बरंच बोललो, आडव्या धावण्यावर कुणी बोललं नाही. नवशिक्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी. कुत्रं तुमच्यापासून १० मीटरवरून आडवं जात असेल, तर मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर जाईपर्यंत अंतर फक्त २० सेंटिमीटरने बदलतं. फोकसला काही करावं लागत नाही. त्याहून सोपं म्हणजे कुत्र्याला तुमच्याभोवती अर्धवर्तुळात धावू द्या: दोन माणसं दोन टोकांना, तुम्ही मध्यावर. अंतर बदलतच नाही.

मात्र कॅमेरा कुत्र्याबरोबर फिरवावाच लागेल. आठ मीटरवर १३५ मिमी लेन्स स्थिर धरली, तर १/१००० सेकंदातही आडव्या कुत्र्याची प्रतिमा सेन्सरवर ०.२ मिमी सरकते, ते डोळ्याला स्पष्ट दिसतं. समोरून येणाऱ्याला हा त्रास नसतो. कमरेतून फिरा, पाय रोवून. ज्यांच्या कॅमेऱ्यात बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे त्यांनी मेन्यूत लेन्सची लांबी, जसं १३५ मिमी, हाताने भरायला विसरू नये. जुनी लेन्स स्वतः काही सांगत नाही.

या कुत्र्यांच्या धावेत एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. एकदा अंग गोळा झालेलं, पाय पोटाखाली. एकदा पूर्ण ताणलेलं, बाणासारखं. कुठला क्षण हवा ते आधी ठरवा. दोन्हींचा ताल वेगळा ऐकू येतो.

---

माळावरचा · शनिवार, सकाळी ११.३०

आत्ताच रानातून आलो. गोणपाट अंथरून झोपलो, एफ/५.६, १/१६००, लाल ठिपका. पहिली धाव मी घाबरून लवकर दाबलं. दुसरी चंद्र्याची, तो ढेकळाला वळसा घालून गेला. तिसरी हरणीची.

ताल ऐकू येतो हे काचघर यांनी लिहिलं ते खरं आहे. झोपल्यावर जमिनीतून छातीला लागतो. डोळ्यासमोर ती लहान होती, मग एकदम मोठी झाली, बोटाच्या ढेकळाशी तिचे पुढचे पाय आले आणि मी दाबलं. दुसऱ्या क्षणी ती माझ्यावरून उडी मारून मागं पोराकडं गेली, माझ्या पाठीवर माती पडली.

फोटोत चारही पाय पोटाखाली आहेत. कान मागं चिकटलेले. ओठ वाऱ्यानं उचलला गेलाय, आणि खालच्या जबड्यातून लाळेचा एक धागा मागं उडालाय, तो सुतासारखा स्पष्ट आहे. डाव्या डोळ्यात रानाची कड आणि एक आडवी ठिपक्यासारखी आकृती आहे, ती मी.

आबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हिची आय बी आशीच धावायची." फोटो छापून पाहिजे म्हणाले, देवळीशेजारी लावायला.

---

निळीचिमणी · रविवार, सकाळी १०.४५

माळावरचा दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

मी पण आज गेले होते. चप्पल पाच मीटरवर, खडूची रेघ पावणेसातवर. ढंप्याने पहिल्यांदा चप्पलच उचलून नेली. मग चपलेऐवजी खडूचीच दुसरी रेघ मारली. अकरा फोटो काढले, दोन स्पष्ट आले. एकात तो जीभ बाहेर काढून थेट माझ्याकडे बघतो आहे.

एक विचारायचं होतं. लेन्सच्या आत पुढच्या काचेजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. ते वाढेल का?

---

मीठवारा · रविवार, सकाळी ११.२०

बुरशी आहे. आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच. आत्ता थोडी असेल तर फोटोत दिसत नाही, पण ओलाव्यात वाढते आणि काचेचा लेप खाते. चामड्याच्या जुन्या पिशवीत ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेल ओलं झालं की बदला, इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. आणि साफ करायला द्याल तेव्हा लेन्स उघडणारा माणूस अनंताचा थांबा तपासून परत देतो का, हे आधी विचारून घ्या. बाबांची लेन्स आहे.